शून्य धर

गेले तीन आठवडे आमच्या घरात मोबाईल कुणी पालथा ठेवत नाही. जेवताना तो ताटाशेजारी असतो, झोपताना उशाशी, आणि लेक आंघोळीला गेली की माझ्या ओट्यावर, पिठाचा हात लागणार नाही इतक्या अंतरावर. मंगळवारी संध्याकाळी दुसऱ्या फेरीची यादी लागेल. आर्किटेक्चरच्या प्रवेशाची.

पहिल्या फेरीत तिला पाचव्या पसंतीचं कॉलेज मिळालं, इथून दीड-पावणेदोन तासांवरचं. ते पक्कं करून थांबायचं की वरच्यासाठी पुढच्या फेरीत जायचं, हे ठरवायला जेमतेम दोन दिवस होते. आम्ही बेटरमेंट घेतलं. म्हणजे हातात आहे ते हातात राहतं, पण वरचं एखादं मिळालं की हातातलं आपोआप सुटतं आणि परत मागता येत नाही. हे मी तिच्या बाबांना आणि सासूबाईंना मिळून दहा वेळा तरी समजावून सांगितलं असेल. सासूबाई शेवटी म्हणाल्या, "म्हणजे एका फांदीवर बसून वरच्या फांदीला हात घालायचा." अगदी तसंच आहे ते.

मी ड्राफ्ट्समन आहे. आयटीआयच्या सर्टिफिकेटवर तेच छापलंय आणि मला ते आवडतं. 1999 पासून कोल्हापुरात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. सुरुवातीला ट्रेसिंग पेपरवर, रोट्रिंगच्या पेनानं. रेघ चुकली तर अर्ध्या ब्लेडनं शाई खरवडून काढायची, तीही अशी की कागद फाटणार नाही आणि त्या जागी पुन्हा रेघ मारली तर शाई पसरणार नाही. पावसाळ्यात ट्रेसिंग दमट व्हायचा, टेबलावर फुगून यायचा, मनगटाखाली रुमाल ठेवून काम करावं लागायचं. अमोनिया प्रिंट काढून आणल्या की दिवसभर ऑफिसात तो उग्र वास. पुढे ऑटोकॅड आलं, ते मी संध्याकाळच्या क्लासला जाऊन शिकले. पेन गेली, ब्लेड गेलं, पण एक गोष्ट तशीच राहिली. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. कामाचं नाव, मालकाचं नाव, स्केल, तारीख, 'ड्रॉन बाय' आणि सगळ्यात शेवटी आर्किटेक्टची सही. 'ड्रॉन बाय'च्या बारक्या घरात माझी दोन अक्षरं असतात. सव्वीस वर्षं मी त्या घरात आहे. त्याच्या खालच्या घरात मला जाता येत नाही.

का येत नाही, हे लेकीनं पाचवीत असताना विचारलं होतं. "तू काढतेस, मग सही ते का करतात?" तिला तेव्हा मी काहीतरी सांगून गप्प केलं. खरं उत्तर कायद्यात आहे. 1972 च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे ज्याचं नाव काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या नोंदवहीत आहे, त्यालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येतं, आणि त्या नोंदवहीत जायला पाच वर्षांची मान्य पदवी लागते. हा नियम मला चुकीचा वाटत नाही. घरं पडतात, माणसं दगावतात, कुणीतरी जबाबदार असलं पाहिजे. पण दर वर्षी कॉलेजांतून ट्रेनिंगला मुलं येतात, त्यांच्या जिन्यात डोकं आपटेल एवढीच उंची राहिलेली मी दाखवते, पायरी 150 मिलिमीटर चढते आणि 300 रुंद असते ते पाठ करून घेते, बाथरूमचा स्लॅब खाली का घ्यायचा ते सेक्शन काढून समजावते. मग ती मुलं जातात. तीन वर्षांनी त्यातलं एखादं कार्ड घेऊन पेढे द्यायला येतं आणि कार्डावर नावाआधी 'आर.' असतं. मी पेढा घेते, खूप आनंदानं घेते. घरी जाताना मात्र रंकाळ्यावरून चालत जाते, रिक्षा करत नाही.

म्हणून ही यादी नुसती तिची नाही, हे मला कुणी सांगायला नको. तिच्यावर माझं ओझं पडू नये म्हणून मी जपते, पण रात्री दोनला जाग आली की फोनकडे हात माझाच जातो.

मी कधी अर्ज केलाच नव्हता. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही ग्रेड परीक्षांत मला ए होता. 1996 ला दहावी झाले, 74 टक्के. चित्रकलेचे सर घरी आले होते, राधानगरी तालुक्यातल्या आमच्या गावी, सायकल मारत. सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसून माझ्या वडिलांना, आबांना म्हणाले, पोरीचा हात आहे, हिला बारावी सायन्स करा आणि आर्किटेक्टला घाला. आबांनी चहा होईपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती वर्षं?" सर म्हणाले, "बारावीनंतर पाच." आबा बोटांवर मोजत राहिले. दोन एकर ऊस, धाकटा भाऊ सातवीत, आणि मुलीचं लग्न सात वर्षं लांबणार. त्यांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "दोन वर्षांत होईल असं काय आहे?" आयटीआय दोन वर्षांचं होतं. आबांवर मला राग आहे का, असं लेकीनं एकदा विचारलं. त्या माणसानं बोटं दोनदा मोजली होती, मी बघत होते. त्यामुळे राग धरता येत नाही.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टबद्दल एक गोष्ट मला बरीच उशिरा कळली. शाळा 1857 ची. तिथला वास्तुकलेचा वर्ग 1896 साली सुरू झाला तो ड्राफ्ट्समन तयार करण्यासाठी. इंग्रजांच्या ऑफिसांना नकाशे काढणारे हात हवे होते. त्या वर्गातून पुढे पूर्ण अभ्यासक्रम झाला, कॉलेज झालं, आणि त्यातून देशाला आर्किटेक्ट मिळाले. आमच्या गावाकडून फोंडा घाट उतरून कोकणात गेलं की समुद्राकाठी आचरा लागतं. तिथे 1916 साली जन्मलेले अच्युत कानविंदे जे. जे. त शिकले, पुढे हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे गेले, परत येऊन त्यांनी आयआयटी कानपूरचा परिसर उभा केला. आचऱ्याचा मुलगा. हे मी लेकीला सांगितलं तेव्हा तिनं नकाशावर आचरा शोधून त्याच्याभोवती पेन्सिलीनं गोल केला. मला त्यातलं जास्त आवडतं ते 1896. सुरुवात नकाशे काढणाऱ्यांच्या बाकांवरून झाली, हे.

लेकीनं आर्किटेक्चरला जायचं ठरवलं ते माझ्यामुळे नव्हे. तिनं माझी पाठ दुखताना बघितली आहे, मार्चअखेरीस रात्री अकराला घरी येताना बघितलं आहे. तिला कॉमर्स करायचं होतं, सायन्स घेतलं ते मैत्रिणी होत्या म्हणून. मग 8 ऑगस्ट 2024 ची रात्र आली. केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांच्या काळात, 1915 मध्ये उभं राहिलेलं ते थिएटर, मूळ नाव पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. कोल्हापुरात त्या रात्री किती माणसं रस्त्यावर उभी होती हे ज्यानं बघितलं त्यालाच कळेल. आम्हीही गेलो. नाटकवाले रडत होते, ज्यांनी आयुष्यात तिथं नाटक बघितलं नसेल तेही रडत होते. लेक तेव्हा बारावीत होती. शाळेच्या गॅदरिंगला त्या स्टेजवर ती एकदा नाचली होती, तिसरीत असताना. घरी आल्यावर तिनं विचारलं, "आई, ते परत तसंच बांधायचं म्हटलं तर कसं कळणार आधी कसं होतं?" मी म्हटलं, कुणीतरी मोजून ठेवलेलं असेल तर. ड्रॉइंग असतील, फोटो असतील. "आणि नसतील तर?" मी काही बोलले नाही. आठ-दहा दिवसांनी तिनं नाटाची माहिती छापून आणली.

नाटा म्हणजे आर्किटेक्चरची अभियोग्यता परीक्षा, 2006 पासून होते. एकूण 200 गुण. त्यातले 80 हातानं करायच्या कामाचे आणि 120 संगणकावरच्या प्रश्नांचे. हाताच्या भागात एक रंगसंगतीचं चित्र, एक काळ्या-पांढऱ्यातलं स्केच आणि तिसरं असं की समोर साहित्याचा संच ठेवतात आणि त्यातून एक रचना जागेवर उभी करायची. या तिसऱ्यानं आमच्या घराची रया घालवली. काडेपेटीच्या काड्या, कानातल्या काड्या, झाडूच्या हिरकुट्या, लग्नपत्रिकांचे पुठ्ठे, सगळं गायब. कोकरूडच्या पाहुण्यांची पत्रिका तर लग्नाआधीच एका मनोऱ्यात गेली होती, मुहूर्त फोन करून विचारावा लागला.

स्केचसाठी ती रविवारी टाऊन हॉलला जायची. मीही जायचे, डबा घेऊन. 1872 ते 1876 मध्ये बांधलेली काळ्या दगडाची ती इमारत मेजर चार्ल्स मँट यांची. आपला नवा राजवाडाही त्यांचाच. आत म्युझियम आहे, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू तिथे आहेत. बागेत दगडी कट्ट्यावर बसून ती काढायची आणि मी गप्प बसायचे. हे गप्प बसणं मला जड गेलं. पहिल्या रविवारी तिनं टोकदार कमान काढली ती नुसती वरच्या टोकाला जुळवून, दोन बाजूंनी दोन वाकड्या रेघा. मला दिसत होतं की ही कमान उभी राहणार नाही. टोकदार कमानीला दोन केंद्रं असतात, दोन वर्तुळांचे तुकडे एकमेकांना भेटतात. सांगावं की नाही, यात डबा गार झाला. चौथ्या रविवारी तिचं तिलाच दिसलं. ती उठून कमानीखाली जाऊन उभी राहिली, मान वर करून बराच वेळ. परत आली आणि पान उलटून तिनं आधी दोन टिंबं काढली. मी काही बोलले नाही. घरी आल्यावर नवऱ्याला मात्र सांगितलं, त्याला टिंबांचं काय कळणार, पण त्यानंही "अरे वा" म्हटलं.

बारावीला तिला 81 टक्के पडले, नाटाला 121. आपल्या राज्याच्या प्रवेशात बारावी आणि नाटा यांना निम्मं निम्मं वजन. म्हणजे वर्षभर गणित-फिजिक्सशी केलेली झटापट आणि टाऊन हॉलचे रविवार एकाच तराजूत.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, जातपडताळणी. ज्यांच्या घरात मूल बारावीला होतं त्यांना हे पाठ आहे, ज्यांच्या घरात पुढच्या वर्षी असेल त्यांनी दिवाळीतच फाईल करायला घ्यावी. एक गोष्ट मात्र मोठ्यानं सांगितली पाहिजे. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. प्रवेश केंद्रीय फेरीतून झाला पाहिजे, एवढी अट. आबांच्या वेळी हे असतं तर, असं मी म्हणत नाही, तेव्हा प्रश्न फक्त फीचा नव्हता. पण तो निर्णय मी मोबाईलवर उभ्यानं वाचला आणि पाटावर बसले. पाच वर्षांच्या फीचा आकडा माझ्या डोक्यात किती दिवस होता हे तो उतरल्यावर कळलं. हॉस्टेल, खाणावळ, शीट, मॉडेलचं सामान, लॅपटॉप हे राहतंच. आर्किटेक्चरच्या पोरांचा सनबोर्डवर किती खर्च होतो हे मी ट्रेनींकडून ऐकलंय.

मग ऑप्शन फॉर्म. यावर गल्लीतल्या प्रत्येकाला मत होतं. एकानं सांगितलं, मिळण्यासारखं आहे ते वर टाका, नाहीतर तेही जाईल. दुसरे म्हणाले, मोठ्या कॉलेजचं नाव टाकून उगाच नंबर वाया घालवू नका. दोन्ही चूक. वरची पसंती आपल्याला मिळण्यासारखी नसेल तर यंत्र पुढच्या पसंतीकडे जातं, आणि तिथे आपल्या गुणांवरच आपला विचार होतो. वर स्वप्न टाकल्यानं खालचं काही कमी होत नाही. फक्त पहिल्या क्रमांकावर तेच टाकावं जे मिळालं तर नक्की घ्यायचंच आहे, कारण पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते. हे मी तिच्याबरोबर तीन रात्री बसून समजून घेतलं. मुंबईचं पहिलं, पुण्याची दोन, मग एक मराठवाड्यातलं, मग हे पाचवं. आर्किटेक्चरची एक तुकडी 40 मुलांची असते. इंजिनीअरिंगच्या मानानं हे किती थोडं, ते यादीत आपला क्रमांक बघितल्यावर समजतं. वर शंभर माणसं आहेत म्हणजे अडीच वर्ग आहेत.

फॉर्म भरला आणि घर एकदम रिकामं झालं. करायला काही उरलं नाही. वर्षभर तिच्या टेबलावर कायम काहीतरी ओलं असायचं, रंग, डिंक, शाई. आता ती पंख्याकडे बघत पडून असायची. मैत्रिणींचे इंजिनीअरिंगचे प्रवेश होत होते, स्टेटसवर कॉलेजच्या गेटचे फोटो येत होते. तिसऱ्या दिवशी तिनं जेवताना विचारलं, "नाही लागला नंबर तर मी तुझ्या ऑफिसात येऊ?" सरळ विचारलं होतं, टोमणा नव्हता. मला घास गिळता येईना. माझं काम वाईट आहे असं तिला वाटू द्यायचं नव्हतं आणि ये असंही म्हणायचं नव्हतं. मी म्हटलं, "आधी पेन्सिल तासायला शीक."

ते तेवढ्यापुरतं बोलले होते, पण ती उठून पेन्सिल घेऊन आली. मग मी तिला दाखवलं. शार्पनर नाही, ब्लेड. लाकूड लांब तासायचं, शिसं पाऊण बोट उघडं ठेवायचं, मग सँडपेपरवर फिरवत टोक काढायचं. रेघ मारताना पेन्सिल बोटांत फिरवत न्यायची म्हणजे टोक एका बाजूनं झिजत नाही आणि रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची राहते. दोन रेघा कोपऱ्यात भेटतात तिथे किंचित एकमेकींना ओलांडू द्यायच्या. अक्षरं काढताना वर-खाली दोन फिकट रेघा आखायच्या. हे आता कुणी शिकवत नाही, लागतही नाही. तिनं वहीची चौदा पानं रेघांनी भरली. रात्री साडेबाराला मी उठले तर ती अजून 'एस' घोटत होती.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. गावचं घर पाडायचं ठरलंय. पाऊस संपला की सुरुवात. बँकेला कर्जासाठी नकाशा हवा, साहेबांच्या सहीचा, आणि सध्या काय आहे तेही त्यात दाखवायला हवं. "तू येऊन मापं घेऊन जा, शनिवारी ये. तिलापण आण, नाहीतर पोरगी यादी यादी करून वेडी होईल." त्याच शनिवारी पहिल्या फेरीची यादी होती. मी लेकीला म्हटलं, तू थांब घरी. ती म्हणाली, "तिथे रेंज येत नाही ना? येते मी."

सबमिशनच्या नकाशात रंग ठरलेले असतात. नवं बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळं. सव्वीस वर्षांत मी किती घरं पिवळी केली असतील. वाडे, चाळी, कौलारू दुकानं. आपला सोपा पिवळा करावा लागेल, हे मात्र एसटीत बसल्यावर, भोगावती ओलांडताना डोक्यात आलं. दोन्ही बाजूंना तरवा उपटून लावणी चालली होती, बायकांच्या पाठीवर प्लॅस्टिकची इरली. लेक खिडकीशी बसली होती आणि तिच्या मांडीवर ऑफिसातून आणलेली 15 मीटरची टेप होती.

घरात आम्ही सोप्यापासून सुरुवात केली. जोतं, उंबरा, दारं, दिवळ्या, खुंट्यासुद्धा. ती म्हणाली खुंट्या कशाला, बँकेला काय करायच्यात. मग स्वतःच म्हणाली, "घेऊया." तिच्या मनात ते जळालेलं थिएटर असावं असं मला वाटलं, विचारलं नाही. सोपा 6.40 बाय 2.45 भरला. एक भिंत 48 सेंटीमीटर, दुसरी 53. मातीच्या भिंतीला सरळपणा नसतो, दर पावसाळ्याआधी आई लिंपायची, कुठे जास्त कुठे कमी, आणि ती जाडी पन्नास वर्षांची साठलेली असते. तुळईवर आबांनी खडूनं लिहिलेले उसाच्या टनांचे आकडे होते. लेकीनं ते वहीत उतरवून घेतले, कुठल्या तुळईवर आणि उंबऱ्यापासून किती अंतरावर, तेही.

माजघरात आल्यावर तिनं चारी बाजू घेतल्या आणि वहीवर चौकोन काढून टाकला. 4.15, 3.05, 4.18, 3.02. "झालं," म्हणाली. मी म्हटलं, नाही झालं. चार बाजू घेतल्या म्हणजे खोली मिळत नाही. त्याच चार मापांची खोली इकडे कलती असू शकते, तिकडे कलती असू शकते. काड्यांची चौकट टाचण्यांनी जोडून दोन कोपरे दाबून बघ, बाजू त्याच राहतात आणि आकार बदलतो. तिनं मॉडेलं करताना हे कितीदा तरी बघितलं होतं. क्षणभर थांबली आणि म्हणाली, "कर्ण."

कर्ण घ्यायचा तर पूर्वेच्या कोपऱ्यात धान्याची कणगी होती. रिकामी, पण जड, शेणानं सारवलेली, तळाशी उंदरांनी कुरतडलेली. दादा, मी आणि वहिनी, तिघांनी मिळून ती हलवली. मागे भिंतीचा कोपरा इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसला. आईच्या हाताचं लिंपण तिथे तसंच होतं, बोटांचे अर्धगोल एकावर एक. लेक त्याच्यासमोर उकिडवी बसली. बाहेर पाऊस एकदम वाढला, कौलांवरचा आवाज एवढा की बोलायला ओरडावं लागत होतं.

आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. दिवळीत ठेवला होता, कुठून एवढीशी रेंज आली कोण जाणे. एकापाठोपाठ तीन मेसेज. मैत्रिणी असणार, म्हणजे यादी लागली. वहिनी म्हणाली, बघ गं बघ. दादा कणगीला टेकून उभा राहिला. माझे तळवे गार पडले होते, टेपची चकती हातात घट्ट धरून मी तिच्याकडे बघत होते. ती उठली, दिवळीकडे गेली, फोनकडे बघितलं. उचलला नाही. ओल्या हाताची बोटं ओढणीला पुसली आणि पश्चिमेच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला लागून बसली, हात लांब करून.

"आई," ती पावसातून ओरडली, "शून्य तिकडे धर. अगदी कोपऱ्यात. लिंपणाला लावून."

मी खाली वाकले आणि टेपचं टोक आईच्या बोटांच्या खुणांवर धरलं. दुसऱ्या टोकाला तिनं फीत ताणली.

"पाच एकवीस," ती म्हणाली, आणि वहीत लिहिलं. "आता दुसरा."